मदत हवी आहे: युनिक्समध्ये फाईल सिस्टिम आणि व्हॉल्यूम मॅनेजर वेगवेगळे का?

मंडळी, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे आहे. सौदे सुरू झाले की हिशेबपट्ट्या आणि स्कॅन केलेले कागद एवढे साठतात की डिस्क भरतेच. परवा नवी डिस्क व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या सामाईक साठ्यात घेतली, एलव्हीएक्स्टेंड कमांडनं त्यातली जागा व्हॉल्यूमला वाढवून दिली. एलव्हीएस (व्हॉल्यूमचा आकार दाखवणारी कमांड) नवा आकडा दाखवतंय आणि डीएफ (त्यावर फाईली मांडणाऱ्या फाईल सिस्टिमची जागा दाखवणारी) जुन्यावरच ठाम! आमची फाईल सिस्टिम एक्सएफएस, ती वाढवणारं एक्सएफएस-ग्रोएफएस चालवल्यावर कुठं डीएफ हललं.

काम झालं, पण शेजारी बसलेल्या मालकांनी विचारलं, "जागा एकच, मग दोनदा का सांगायला लागतंय मशीनला?" मला काही सांगता येईना.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये थॉम्पसन, रिची आणि कॅनडे यांनी युनिक्सच्या फाईल सिस्टिमचा आराखडा केला आणि ती पीडीपी-७ या संगणकावर उतरली, एवढं वाचलंय. मग अनेक डिस्क एकत्र वापरायची सोय त्यांनी तेव्हाच का नाही केली? अनेक डिस्कची जागा एकत्र करून वाटणारा व्हॉल्यूम मॅनेजर कुणाच्या गरजेतून आला? व्याख्या नकोत, त्या मिळतात. जाणकारांनी "असं का" ते सांगावं.

जुना_टर्मिनल:

सोय केली होती की! माउंट म्हणजे तीच. १९७४ च्या रिची-थॉम्पसन यांच्या युनिक्सवरच्या लेखातल्या पीडीपी-११ संगणकाला चार ड्राइव्ह होते, प्रत्येकात अडीच एमबीची, काढता-घालता येणारी डिस्क. उद्या काढून कपाटात ठेवायची डिस्क स्वतःपुरती पूर्ण असायलाच हवी. म्हणून एक फाईल सिस्टिम एका डिस्कवर, आणि तिचं झाड मुख्य झाडाच्या एखाद्या डिरेक्टरीवर टेकवायचं.

खुणा आजही दिसतात. जुन्या डिरेक्टरीतली नोंद १६ बाइटची: २ बाइट आयनोड क्रमांक (फाईलचा त्या फाईल सिस्टिमपुरता नंबर), १४ बाइट नाव. डिस्क कोणती, हे त्यात नाहीच. हार्ड लिंक (त्याच फाईलला दिलेलं आणखी एक नाव) एका फाईल सिस्टिममधून दुसरीत जात नाही ती म्हणून. त्या लेखात कारणही दिलंय: डिस्क काढल्यावर मागं राहिलेल्या लिंकांचा हिशेब कोण ठेवणार?

तुमच्या डीएफचं उत्तरही इथंच आहे. फाईल सिस्टिम तयार होताना आपला आकार सुपरब्लॉक या स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवते. खालची जागा वाढली तरी ती आपल्या वहीतला आकडा बघणार.

पुढं डिस्क मोठ्या झाल्या, त्यांचे पार्टिशन, म्हणजे ठरावीक आकाराचे भाग, पाडले. हरिपूरच्या पेवांसारखा (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांसारखा) प्रकार: एक पेव भरलं म्हणून शेजारच्या रिकाम्या पेवात त्याची हळद आपोआप सरकत नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत मॅकुझिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांची फास्ट फाईल सिस्टिम आली. सिलिंडर ग्रुप (संबंधित डेटा डिस्कवर जवळजवळ), मोठे ब्लॉक, वेग दहापटीपर्यंत. पण मुक्काम तोच, एका पार्टिशनात.

खरी अडचण मोठ्या सर्व्हरवाल्यांची. चालू मशीनवर जागा वाढवायची, तीही बॅकअप-रिस्टोअरचा घोळ न घालता. तोवर एकाच युनिक्सवर तीन-चार फाईल सिस्टिम नांदायला लागल्या होत्या, शिवाय काही डेटाबेस थेट कच्च्या डिस्कवर लिहायचे. प्रत्येकाला अनेक डिस्क हाताळायला शिकवण्यापेक्षा खाली एक थर घालून वरच्यांना "ही तुमची एकच डिस्क" असं भासवणं स्वस्त पडलं. १९९० मध्ये आयबीएमच्या एआयएक्स ३ या युनिक्समध्ये एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आलं. एचपीच्या एचपी-यूएक्समध्येही आलं, आणि १९९८ मध्ये हाइन्झ मौएल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सच्याच धर्तीवर लिनक्ससाठी लिहिलं. पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड ही कमांडची नावं तिकडचीच.

धागाकर्ता:

काढता येणाऱ्या डिस्कचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मालकांना आता सांगता येईल. पण मग दोन्ही थर कुणी एकत्र केलेच नाहीत का?

मिरजेचा_पाहुणा:

केले ना. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत बॉनविक आणि आहरेन्स यांनी २००१ पासून झेडएफएस या फाईल सिस्टिमवर काम केलं, २००५ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला. तिथं डिस्क एका पूलमध्ये टाकायच्या, सगळ्या फाईल सिस्टिम त्यातून लागेल तशी जागा घेतात. ग्रो वगैरे भानगडच नाही. लिनक्सवाल्यांपैकी काहींनी थर मोडले म्हणून नाकं मुरडली. माझं मत विचाराल तर ते मोडले ते बरंच झालं, कारण कोणता ब्लॉक खरोखर वापरात आहे हे वरच्यालाच ठाऊक असतं. मिररची, म्हणजे डेटाची हुबेहूब प्रत ठेवणारी, डिस्क बदलली की झेडएफएस फक्त वापरातला डेटा उतरवतं. खालच्या थराला ते कळत नाही, म्हणून तो बहुधा रिकामी जागाही कॉपी करत बसतो.

आणि एलव्हीएक्स्टेंडला उणे आर लावा, दोन्ही कामं एका कमांडमध्ये होतात.

जुना_टर्मिनल:

एक राहिलंच. नवी डिस्क नुसती जोडलीय की मिररही आहे? नुसती जोडली असेल तर दोन्हींपैकी एक डिस्क गेली तरी अख्खी फाईल सिस्टिम गेली समजा. शिवाय एक्सएफएस वाढवता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. त्यामुळं पुढच्या वेळी ग्रुपमधली सगळी जागा एका व्हॉल्यूमला देऊन टाकू नका. एलव्हीएसचं आउटपुट इथं डकवा, उणे ओ लावून डिव्हाइसेस कॉलमसकट. मग बघू.