सोलर बसवायचंय, तिघांपैकी कोणावर भरवसा ठेवू? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय. तिघांची कोटेशनं आलीत. पहिला १ लाख ५५ हजार, दुसरा १ लाख ९२ हजार, तिसरा २ लाख १५ हजार. तिघंही म्हणतात प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी मिळणार, तिघंही म्हणतात माल एक नंबर. पहिला तर रोज सकाळी चहाच्या आधी फोन करतो, "साहेब, स्कीम बंद होणार आहे." उन्हाळा तोंडावर आलाय, मार्चच्या आत काम व्हायला पाहिजे. सोलापुरात कोणी बसवून घेतलं असेल तर खात्रीचा माणूस सांगा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला तरी चालेल. फार फाटे फोडू नका, आधीच डोकं फिरलंय.

होटगी_रोड
युनिट किती जातात? गच्ची स्वतःची की अपार्टमेंटची? पॅनल कुठल्या कंपनीचे? काहीच लिहायचं नाही आणि वर म्हणे फाटे फोडू नका.

जुळे_सोलापूरकर
बिल उन्हाळ्यात साडेचार हजार, एरवी दोन-अडीच. गच्ची स्वतःची. पहिल्याने कंपनी लिहिली नाही, "ए ग्रेड ५४० वॅट, ६ नग" एवढंच आहे. बाकीच्या दोघांनी लिहिलीय.

निवृत्त_वायरमन
रुपयांत नको, युनिटमध्ये बोला. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो, चष्मा लावून बघा. १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने महिन्याला १२० युनिट धरा, म्हणजे ३ किलोवॅटला ३६० च्या आसपास. तुमचा वापर २०० असेल तर २ किलोवॅट पुरे. आणि कोटेशनात अर्थिंग किती लिहिलेत ते सांगा. एसी बाजूला (घराकडच्या करंटला) एक, डीसी बाजूला (पॅनलकडच्या करंटला) एक, आकाशातली वीज जमिनीत सोडणाऱ्या दांड्याला स्वतंत्र एक, असे तीन पाहिजेत. स्वस्तवाले एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडतात आणि वरून कोळसा-मीठ टाकल्यासारखं करतात. ३४ वर्षं खांबावर काढलीत, उगाच बोलत नाही.

कडक_भाकरी
मी म्हणतो ग्रीडच्या, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडायच्या भानगडीत पडूच नका. चार ट्युब्युलर बॅटऱ्या घ्या, ऑफग्रीड करा, महावितरणला रामराम. माझ्याकडे ६ वर्षं झाली, एकदा तक्रार नाही.

अनुराधा_सैफुल
सबसिडी मिळाली का तुम्हाला? नाही मिळणार. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेला ग्रीडला जोडलेलीच यंत्रणा लागते. आणि त्या चार बॅटऱ्या किती वर्षांनी बदलल्या, तेही लिहा की.

कडक_भाकरी
एकदाच बदलल्या.

अनुराधा_सैफुल
तेच म्हणतेय.
धागाकर्ते, १ लाख ५५ ला मला संशय येतोय. सबसिडी हवी तर पॅनल भारतात बनलेले आणि त्यांचे सेलही भारतात बनलेले लागतात, त्यालाच डीसीआर म्हणतात. ते महाग पडतात. बाहेरचे सेल आणून इथे जोडलेले पॅनल स्वस्त, दिसायला सारखेच. "ए ग्रेड" हा शब्द बाजारातला, त्याने डीसीआर ठरत नाही. कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि "डीसीआर" हा शब्द लिहून घ्या. माल आला की सांगाड्यावर चढवायच्या आधी मागच्या सिरीयल नंबरांचे फोटो काढा, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर तपासता येतात. एकदा पॅनल बसले की पाठ बघायला गुडघ्यावर रांगावं लागतं, मी रांगलेय.

मोहोळचा_बळी
शेतीसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये अर्ज करा. फक्त १० टक्के भरायचे, एससी-एसटीला ५. मी भरलाय.

होटगी_रोड
दादा, त्यांना गच्चीवर ऊस लावायचा नाहीये.

मोहोळचा_बळी
माहिती दिली हो. कोणाच्या तरी कामाला येईल.

टॉवेलवाला
अवांतर: फताटेवाडीला उशाशी १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, धूर आपल्याला आणि वीज गावोगाव. आपल्याकडे कारखान्यात दुपारी लाईट गेली की माग थांबतात ते थांबतातच. मी एमआयडीसीत शेडवर बसवलंय म्हणून सांगतो, सोलापूरच्या उन्हाला तोड नाही, इथं पैसे लवकर वसूल होतात.

निवृत्त_वायरमन
ऊन पाहिजे, उष्णता नको. पॅनलला तापणं मानवत नाही. २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी. एप्रिलमध्ये दुपारी पॅनलवर हात ठेवून बघा, म्हणजे ठेवू नका. म्हणूनच गच्चीपासून उंच लावायचे, खालून वारा खेळला पाहिजे.

जुळे_सोलापूरकर
बरं, एक राहिलं. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा सोलरवर एसी चालेल ना? पहिला म्हणाला, "बिनधास्त चालेल." आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी पूर्वेला आहे, सकाळी १० पर्यंत सावली पडते.

अनुराधा_सैफुल
अहो, हे आधी सांगायचं! ग्रीडवरचं साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातला करंट बसेल.

निवृत्त_वायरमन
+१. तो माणूस मी होतो.

अनुराधा_सैफुल
लाईट गेल्यावरही पाहिजे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. पंखे-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या. जो माणूस "बिनधास्त चालेल" म्हणतो, त्याला तारेतलं कळत नाही किंवा तो खोटं बोलतोय. दोन्हीत पैसे तुमचेच.

जुना_पाटील
सावलीसाठी मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या करंटचा घरचा करंट करणारी छोटी पेटी. प्रत्येक पॅनलला स्वतंत्र. माझ्याकडे आहेत. दुसरं काही घेऊच नका.

टॉवेलवाला
१० वाजेपर्यंतच्या सावलीसाठी एवढा खर्च? पॅनल चार फूट पश्चिमेला सरकवा, संपलं.

जुना_पाटील
ओळीतल्या एका पॅनलवर सावली आली की सगळी ओळ दबते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

टॉवेलवाला
म्हणूनच सरकवा म्हटलं की ओ!

होटगी_रोड
माझा अनुभव. एकाने स्लॅबला थेट भोकं पाडून खांब रोवले. मेमध्ये वळवाच्या वाऱ्यात एक कोपरा उचलला आणि जुलैमध्ये बेडरूमच्या छताला नकाशे उमटले. फोन केला तर "सर, वॉटरप्रूफिंग आमच्यात येत नाही." काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर उभं करणारा माणूस शोधा, आणि ज्याच्या कामावरून दोन पावसाळे गेलेत असं घर बघायला मागा. कालच बसवलेलं काम सगळेच हौसेने दाखवतात. घरमालकाला तीनच गोष्टी विचारा: नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा) किती दिवसांत लागला, बिघाड झाल्यावर कोण आलं, आणि मोबाईलवरच्या ॲपचा पासवर्ड कोणाकडे आहे. आमचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला, वीज किती होते ते बघायला त्यालाच फोन.

जुळे_सोलापूरकर
धन्यवाद. पहिल्याचं कोटेशन नीट वाचलं. जीएसटी १३.८ टक्के लावलाय. आणि हो, त्याला ५ हजार टोकन दिलेत.

होटगी_रोड
टोकन दिलं आणि मग धागा काढला?

अनुराधा_सैफुल
१३.८ हा जुना हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला. ७० टक्के माल, ३० टक्के काम असं धरलं की एकूण ८.९ येतो. म्हणजे त्याने जुनाच कागद तारीख बदलून दिलाय. आणि सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर विक्रेत्याची नोंदणी कोणाच्या नावाने आहे ते बघा. बिल देणारा, तुमच्याशी करार करणारा आणि पोर्टलवरचा विक्रेता एकच पाहिजे. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते, "आधी आमच्याकडे जमा होईल" म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवा.

निवृत्त_वायरमन
वीजबिल कोणाच्या नावावर आहे?

जुळे_सोलापूरकर
वडिलांच्या. ते २०१९ मध्ये गेले. पहिला म्हणाला नंतर बघू.

निवृत्त_वायरमन
झालं. एवढी पानं लिहिली ती कशाला? आधी मीटर नावावर करा. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, बाकी वारसांची संमती. अर्ज आणि बँक खातं एकाच माणसाचं पाहिजे, नाहीतर सबसिडी अडकते. मंजूर भारही (किती किलोवॅटचं कनेक्शन आहे ते) बघा बिलावर.

जुळे_सोलापूरकर
संमती म्हणजे पुण्याच्या भावाची. बोलणं बंद आहे.

कडक_भाकरी
म्हणून म्हणतो, बॅटऱ्या.

टॉवेलवाला
भावाला उन्हाळ्यात एसी लावून देतो म्हणा, येईल सुट्टीला.

अनुराधा_सैफुल
आणखी एक, पॅनल धुवायचं. इथं धूळ बसते, महिन्यातून दोनदा तरी पाणी मारावं लागतं. बोअरचं पाणी मारू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत.

जुना_पाटील
आरओचं वाया जाणारं पाणी साठवा, तेच वापरा.

निवृत्त_वायरमन
आरओने गाळून टाकलेला सगळा क्षार त्यातच असतो, पाटील. बोअरपेक्षा वाईट. आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, पहाटे मारा.

होटगी_रोड
नळ येतो चार-पाच दिवसांआड. पिण्याचं भरायचं की पॅनलला आंघोळ घालायची?

जुळे_सोलापूरकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. आसरा चौकाजवळ दुसऱ्याने केलेलं एक घर बघून आलो, तीन वर्षांपूर्वीचं काम. ठोकळ्यांवर उभं, गंज नाही, अर्थिंगचे तीन खड्डे मालकाने स्वतः झाकण उघडून दाखवले. नेट मीटरला दीड महिना लागला म्हणाले. पासवर्ड त्यांच्याकडे आहे. दुसऱ्याशीच ठरवलं. पॅनल आल्यावर निम्मे, नेट मीटर लागल्यावर शेवटचे २० हजार, हे कागदावर घेतलं. आधी तो तयार नव्हता, पहिल्याचं नाव काढल्यावर झाला. टाकीपासून पॅनल चार फूट सरकवले, पाटील रागावू नका.
पहिल्याने टोकन परत दिलं नाही. "प्रोसेसिंगला गेले" म्हणाला.
भावाला मी फोन केलाच नाही, आईने केला. सही आली कुरिअरने. मार्च हुकला, ते हुकलंच.

निवृत्त_वायरमन
चांगलं. आता शेवटचं ऐका. पॅनल बसले की तो माणूस म्हणेल "चालू करून टाकू." नेट मीटर लागेपर्यंत करू देऊ नका. जुना मीटर बाहेर जाणारी वीजही वापरात धरू शकतो, बिल उलटं वाढून येईल.

जुळे_सोलापूरकर
कालच म्हणाला तसं. बंदच ठेवायला सांगतो.
नळ आलाय, पळतो.