भजनाच्या मॉनिटर बॉक्सचा तिरका कट: कोनमापक ६३ दाखवतो, कटर ४५ च्या पुढे जात नाही

खाडीकाठचा (वेंगुर्ले)

आमच्या वाडीच्या भजन मंडळासाठी बुवांसमोर जमिनीवर ठेवायचा मॉनिटर बॉक्स (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) घरीच करतोय. आठ इंची स्पीकर आहे, १८ मिमी प्लायवूड आहे, हातातलं कटर मशीन आहे. आकार असा धरलाय: तळ ३६० मिमी, उंची ३००, वरची फळी २१०, पाठ सरळ आणि स्पीकरची फळी मागे कललेली. तळ आणि स्पीकरची फळी यांच्यातला कोन ६३ च्या किंचित वर भरतो. कटरचं पातं मात्र ४५ पर्यंतच कलतं. ६३ चा अर्धा, म्हणजे साडेएकतीस अंशांवर दोन्ही फळ्या कापू का? की आकारच बदलून बाजारातल्या मॉनिटरसारखा ४५ करू? शीट एकच आहे, म्हणून कापायच्या आधी विचारतोय.

रंधा_गुण्या (कुडाळ)

बरा झाला आधी विचारलास ता. आकार अजिबात बदलू नका, तो योग्यच आहे.

आधी कोन कुठून आला ते बघा. बाजारातले मॉनिटर उभ्या गायकासाठी असतात. आपले बुवा मांडी घालून पेटी (हार्मोनियम) वाजवायला बसतात. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ७५ सेंमी धरा. तुमच्या स्पीकरचा मध्य १५ सेंमीवर येतो. फरक ६०. बॉक्स बुवांपासून १२० सेंमीवर ठेवलात तर ६० भागिले १२०, म्हणजे निम्मं. फळी उंचीच्या निम्मी मागे कलायला हवी. तुमची उंची ३००, मागे कललीय १५०. बरोब्बर निम्मं. उभ्या रेषेपासून हा कोन २६.६ अंशांचा. ४५ केलात तर आवाज बुवांच्या डोक्यावरून मांडवाच्या झापांकडे जाईल आणि बुवा ‘अजून वाढव’ म्हणत राहतील. मंडळांच्या साऊंडचं काम करताना माइकला शिट्टी (फीडबॅक) येण्याचं हे कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतोय.

आता कटर. कोनमापक फळ्यांमधला कोन मोजतो. कटरच्या पट्टीवर शून्य असतो तेव्हा पातं तळपत्र्याला काटकोनात असतं. म्हणून तुमचा ६३.४ त्या पट्टीवर ९० वजा ६३.४, म्हणजे २६.६ होतो. अर्धं करायचं कारणच नाही. अर्ध्या कोनाचा जोड करायचाच म्हटलं, तर खालच्या कोपऱ्याला पातं ९० वजा ३१.७, म्हणजे ५८.३ अंश कलवावं लागेल. ते होणार नाही, आणि झालं तरी काठ इतका पातळ निघेल की प्लायचे थर सुटतील.

स्पीकरची फळी तळाच्या आणि वरच्या फळीच्या मध्ये बसवा. मग तिचे वरचा-खालचा असे दोन काठ आणि तळाचा व माथ्याचा पुढचा काठ, चारही २६.६ वरच कापायचे. पातं एकदा लावलं की चारही काप होईपर्यंत हलवायचं नाही. बाजूच्या फळ्यांचे काठ सगळे काटकोनातच, फक्त त्यांचा आकार तिरका.

१८ मिमी जाडीत हा उतार बरोब्बर ९ मिमी सरकतो. तळाच्या फळीचं खालचं माप ३६०, वरचं ३५१. माथ्याची वरून २१०, खालून २१९. म्हणजे दोन्ही फळ्यांची लांब बाजू जमिनीकडे. पेन्सिलीने तसं फळीवर लिहूनच ठेवा, उलटी फळी नेमकी इथेच कापली जाते. स्पीकरच्या फळीचे काठ एकमेकांना समांतर, म्हणून ती दोन्ही अंगांनी सारखीच, २९५ मिमी.

कटरवरच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. प्लायच्या तुकड्यावर गुण्याने काटकोन काढा, एका बाजूला १००, दुसऱ्या बाजूला २०० मिमी, आणि तिरकी रेघ कापा. प्लग काढून मशीन उलटं करा, १०० ची बाजू तळपत्र्यावर ठेवा आणि पातं तिरक्या काठाला चिकटेपर्यंत कलवा. दात टाळून पात्याचं सपाट अंग टेकवायचं. मग रद्दी तुकड्यावर काप घेऊन तोच त्रिकोण लावून बघा. उजेड दिसला नाही की खऱ्या फळीला हात लावा.

खाडीकाठचा

खूप आभार काका. वजाबाकी आता डोक्यात बसली. एक शंका: पेटी मध्ये आड येणार नाही का? आणि आत किती लिटर जागा मिळेल? आतली रुंदी ३०० मिमी ठेवतोय.

रंधा_गुण्या

पेटी आड येत नाही. स्पीकरच्या मध्यापासून कानापर्यंत दोरी ताणली तर बुवांपासून ६० सेंमीवर ती ४५ सेंमी उंच असते. पेटी तिच्या बरीच खाली राहते. माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असेल तर त्याची पाठ बॉक्सकडे येऊ दे, तिथेच तो सर्वांत कमी ऐकतो.

जागा: आतली खोली तळाला ३१३, वर १८१, सरासरी २४७. गुणिले उंची २६४, गुणिले ३००. साडेएकोणीस लिटर. यातून स्पीकरचा मागचा भाग आणि आतल्या पट्ट्या वजा करा.

पखवाज_देवगड

मापांचं सांगून झालंय, मी लाकडाचं सांगतो. आमच्याकडे देवळाच्या मंडपात श्रावणभर सामान पडून असतं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कापलेल्या काठातून पाणी पिऊन फुगतो. मरीन प्लायवर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या. तिरक्या कापात थर जास्त उघडे पडतात, १८ चा काठ २० मिमीचा होतो. जोडणीआधी ते काठ रंगवू नका, फेविकॉल धरणार नाही. पाण्यात टिकणाऱ्या फेविकॉलने जोडा, आतून कोपऱ्यांना पट्ट्या मारा, आणि मग बाहेरचा प्रत्येक उघडा काठ सीलरने भरा.

सागवान_सावंतवाडी

याच धाग्यात विचारतो. माझ्या बॉक्सच्या चारही भिंती वर जाताना १० अंश आत कलतात, कोपरे तिरक्या जोडाचे हवेत. पातं ४५ लाच ठेवू ना?

रंधा_गुण्या

नाही, फट राहील. दोन दिशांचा उतार एकत्र आला की दोन्ही आकडे बदलतात. पात्याच्या कलण्याचा साइन म्हणजे १० अंशांचा कोसाइन गुणिले ०.७०७१, त्यावरून ४४.१ अंश. फळीवरच्या तिरक्या रेघेचा टँजेंट म्हणजे १० अंशांचा साइन, म्हणजे रेघ ९.८५ अंशांची. ती मापाने आखा: १००० मिमीला १७३.६ मिमी सरकवा. वरचे-खालचे काठ वेगळे, पातं १० वर ठेवून कापायचे. चार रद्दी तुकड्यांचा छोटा चौकोन आधी जुळवून बघा. चौथा कोपरा मिटला तर पातं बरोबर लागलंय.