अनुभव धागा : दुसऱ्याचा आवाज सोडला तेव्हा

रोज कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरून कामाला जाते. घोड्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याकडं नजर जातेच. पंचविशीत वैधव्य आलं आणि पुढची सात वर्षं, १७०७ पर्यंत, त्यांनी औरंगजेबाशी लढा चालवला. त्यांच्या समोरून मी मात्र दुसऱ्याचाच आवाज घेऊन शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून शिरत होते. आधीचे सुपरवायझर ओरडून काम घेत, म्हणून मीही वर्षभर ओरडले.

एकदा कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, ब्लो होल (आतली पोकळ भोकं) वाढले, रिजेक्शनचा ढीग लागला. भट्टीवाल्यांवर चिडायला निघालेली मी वाटेत साच्यांच्या वाळूपाशी थांबले. साचे करणाऱ्या जुन्या मोल्डरना म्हटलं, "मामा, मला यातलं नीट कळत नाही. दाखवा." त्यांनी वाळूची मूठ आवळली. वाळू हाताला चिकटली, म्हणजे पाणी जास्त. धातूचा तापलेला रस ओतला की त्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तेव्हापासून रोज सकाळी मी स्वतः मूठ आवळून बघते. पोरं आता आक्का म्हणतात. विचारलं तर किंमत कमी होईल, ही भीती माझीच होती.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

शिरोळ तालुका, ग्रामपंचायत सदस्य
माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. पेपरात वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

निवडून आले तरी सभेत माझ्या वतीनं दीरच बोलायचे. ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची असते, ती कागदावरच व्हायची. मी म्हटलं, घेऊया. दुपारी, धारांच्या आधी. हिरव्या बांगड्या भरून गेले. लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहिलं. "बायांनो, माझं काय झालं ते सांगते," एवढंच म्हटलं आणि बोलत गेले. मग एकेक जण बोलायला लागली. नळाला पहाटे चारला पाणी येतं, त्यापायी झोप मोडते, हे त्या दिवशी पहिल्यांदा लेखी गेलं. वेळ बदलायला पाच महिने लागले.

चपलेच्या कामातली
आमच्यात चपलेवरची चामड्याची वेणी घालायची बायकांनी आणि दुकानदाराशी बोलायचं पुरुषांनी. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी मी गिऱ्हाईकाला "आमचे हे सांगतील" म्हणायची. आता वेणीला किती वेळ जातो ते सांगते, भावही मीच सांगते. "न्हाई जमत" म्हणताना अजून जीभ अडखळते. पण म्हणते.

रात्रपाळीची सिस्टर
लहानपणापासून ऐकत आले, "हिचा आवाजच फुटत नाही." आपल्याकडं सगळं लई दणक्यात लागतं. २०१० मध्ये आपली नेमबाज तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. श्वास आवरून, अंग न हलवता! ते माझ्या मनात घर करून राहिलं. आता वॉर्डात नातेवाईक चढ्या आवाजात बोलायला लागले की मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि हळूच बोलते. बऱ्याचदा तेही आवाज खाली आणतात.

धागा काढणारी
चपलवाल्या ताई, सहा नंबरची वेणीची जोडी पाहिजे. भाव तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही.