सांगलीचं ऊन आणि बाळाचे डीचे थेंब

वर एका ताईंनी विचारलंय, सांगलीत एवढं ऊन असताना बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब कशाला? माझ्या सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं. रोज सकाळी सातला तेल लावून नातवाला अंगणात पायावर घेऊन बसायच्या. बाळ खूश, त्याही खूश. पण त्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळपास नसतातच. ते मिळतात साधारण दहा ते तीनमध्ये, आणि एप्रिलात त्या वेळी तान्ह्याला बाहेर काढायची कुणाची छाती आहे? खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. आईच्या दुधातही डी फारच कमी. म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) थेंबांतून.

मला खरं सांगायचंय ते बाटलीबद्दल. आमची पहिली बाटली एका मिलीत ४०० आययूची होती. पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला, "तेच आहे वहिनी, फक्त कंपनी वेगळी." ती निघाली एका मिलीत ८०० वाली! ड्रॉपर दिसायला तसाच, त्यामुळे चार दिवस आम्ही निवांत पूर्ण मिली पाजत होतो. खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं सासऱ्यांनी भिंग घेऊन वाचली तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी काही बिघडत नाही, आता अर्धा मिली द्या.

आणि मोठ्यांची आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० आययूची डीची पुडी घरात असेल तर ती बाळाच्या औषधांजवळ ठेवूच नका.