मदत हवी आहे: भाषाशास्त्रातून स्पीच थेरपीकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. मी पुण्याची, भाषाशास्त्रात एम.ए. केलंय. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघात झाला आणि वाचाघातही झाला, म्हणजे हवा तो शब्द तोंडात येईना. पाणी हवं असलं की 'चावी, चावी' म्हणायचे आणि चुकतंय हे कळून डोळ्यांत पाणी यायचं. थेरपिस्ट ताई त्यांच्यासमोर तांब्या ठेवून नुसतं 'पा...' म्हणायच्या, की पुढचं 'णी' आजोबा पूर्ण करायचे! तेव्हापासून हेच काम करायचं, असं मनाने घेतलंय.

अडचण अशी, की आपल्याकडे एम.एस्सी. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीला (स्पीच थेरपीचाच अभ्यासक्रम) आधी चार वर्षांचं बी.ए.एस.एल.पी., म्हणजे याच विषयाची पदवी लागते, तिलाही बारावी सायन्स. माझं बारावी आर्ट्स. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचं एम.एस्सी. आहे, त्यानंतर एच.सी.पी.सी.कडे (तिथली थेरपिस्टांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी होते. त्या नोंदणीला आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 8 आणि कुठल्याच भागात 7.5 च्या खाली नको, त्याची तयारी चालू आहे.

या वाटेने कुणी गेलंय का? प्रवेशाच्या वेळी कोणता अनुभव धरला? वाचाघाताच्या रुग्णांसोबत बसणं पुरतं, की लहान मुलांसोबतही काम हवं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत आल्यावर आर.सी.आय.ची (भारतीय पुनर्वास परिषद, आपल्याकडे थेरपिस्टांची नोंदणी तिच्याकडे होते) नोंदणी कुणाला मिळाली का? मला शेवटी इथेच, मराठीतून काम करायचंय. बारावी सायन्स पुन्हा देऊन वांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत किंवा म्हैसूरच्या अशाच संस्थेत बी.ए.एस.एल.पी.ला पहिल्यापासून सुरुवात करावी का, हेही मोकळेपणाने सांगा. माझं वय 26 आहे.