मदत हवी आहे: तीन डेटाबेसमध्ये तीन एच-इंडेक्स, अर्जात कोणता द्यावा?

नमस्कार. मी मूत्रपिंडाच्या आजारांवर संशोधन करतो. एका संशोधन-निधीच्या अर्जासोबत प्रकाशनांची यादी, एकूण सायटेशन्स (इतर निबंधांनी आपल्या निबंधांचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांची सायटेशन्स यांवरून काढलेला एक आकडा) मागितले आहेत, मात्र हे आकडे कुठून घ्यायचे याविषयी सूचनांमध्ये अवाक्षरही नाही. माझा एच-इंडेक्स गुगल स्कॉलरवर १९, स्कोपसवर १४ आणि वेब ऑफ सायन्सवर १२ दिसतो. गुगल स्कॉलर प्रीप्रिंट (समीक्षेआधीच प्रसिद्ध केलेले निबंध), प्रबंध आणि पुस्तकांतील उल्लेखही मोजते, तर उरलेल्या दोघांचा भर निवडक शोधपत्रिकांवर असतो, त्यामुळे तफावत पडणारच. शिवाय स्कोपसवर माझ्या नावाच्या दोन नोंदी आहेत, एक पूर्ण नावाची आणि दुसरी आद्याक्षरांची. १४ हा आकडा त्यांपैकी मोठ्या नोंदीचा आहे. गुगल स्कॉलरने माझ्या खात्यात घातलेला दंतवैद्यकातील एका नामसाधर्म्य असलेल्या लेखकाचा निबंध मी काढून टाकला आहे.

यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच आहे. माझ्या एकूण सायटेशन्सपैकी निम्म्याहून अधिक एकाच आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या निबंधाची आहेत. त्याचे लेखक शेकड्यांनी आहेत आणि माझा वाटा एका केंद्रातील रुग्णांची माहिती पुरवण्याइतकाच होता. याउलट ज्या कामाची कल्पना, प्रयोग आणि लेखन मुख्यतः माझे आहे, त्या प्रथम-लेखक निबंधाला जेमतेम २३ सायटेशन्स आहेत. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार किमान १४ सायटेशन्स असलेले १४ निबंध असले की एच-इंडेक्स १४ होतो, म्हणजे तो गाजलेला निबंध तिथे एकच मोजला जातो. एकूण बेरीज मात्र त्याच्यामुळे फुगते. लेखकक्रमाची दखल दोन्ही आकडे घेत नाहीत.

अमेरिकेची आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच हिच्या आयसाइट या सायटेशन-विश्लेषणाच्या संकेतस्थळावर हाच २३ सायटेशन्सचा निबंध पाहिला, तर त्याचा सापेक्ष सायटेशन गुणांक २.१ आहे. तिथे निबंधाची तुलना त्याच्यासोबत उद्धृत होणाऱ्या निबंधांच्या क्षेत्राशी केली जाते आणि एनआयएच-निधीप्राप्त निबंधांचा मध्यक १ धरला जातो. हा गुणांक अर्जात दिला, तर परीक्षक तो समजून घेतील, की सोयीचा आकडा शोधून काढला असे मानतील?

शेवटचा मुद्दा इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे शोधपत्रिकेतील निबंधांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशन्सच्या आकड्याचा. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या संशोधन-मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्रात शोधपत्रिकेच्या निकषावरून एखाद्या निबंधाची गुणवत्ता ठरवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. निधी देणाऱ्या संस्थेने त्यावर सही केल्याचे अर्जाच्याच पहिल्या पानावर छापले आहे आणि तिसऱ्या पानावर प्रत्येक निबंधापुढे इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना आहे! तो भरावा की कोरा सोडावा?

प्रतिसाद:

अशा अर्जांच्या छाननीत मी काम केले आहे, त्यावरून सांगतो. आधी स्कोपसच्या दोन्ही नोंदी एकत्र करण्याची विनंती पाठवा आणि तुमच्या ऑर्किड क्रमांकाशी (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) त्या जोडा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आजच करा. त्यानंतर स्कोपस आणि गुगल स्कॉलर या दोन्हींचे आकडे, स्रोत आणि पाहिल्याची तारीख यांसह शेजारी शेजारी द्या. तारीख नसलेला आकडा आम्ही स्वतः पडताळतो आणि तो जुळला नाही की अर्जाविषयी विनाकारण शंका येते. एकूण सायटेशन्सपुढे कंसात त्या मोठ्या अभ्यासाशिवायची बेरीजही लिहा. तुम्हीच ती दिलीत, तर परीक्षकाला ती शोधून काढावी लागत नाही. सापेक्ष गुणांक केवळ एका निबंधाचा देऊ नका, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमधील तुमच्या सर्वच निबंधांचा द्या, मग निवडकपणाचा आरोप उरत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना सक्तीचा असेल तर भरा, पण प्रत्येक निबंधाखाली तुमचे काम एका ओळीत नोंदवा: रुग्णनोंदणी, सांख्यिकी विश्लेषण, पहिला मसुदा, जे असेल ते. निदान मी तरी आकड्यांआधी ती ओळ वाचतो.