कंबरेत उसण भरली आहे, टेन्स मशीनचा काहीच उपयोग होत नाहीये. मदत हवी आहे

अवघडलेला: परवा वाकताना उसण भरली. टेन्स, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून विजेचे हलके ठोके देणारं मशीन, लावतोय; २० मिनिटं झाली की बंद करतो. दुखणं तिथेच. उलट डाव्या पॅडच्या कडेला सुई टोचल्यासारखं होतं. सेटिंग काय ठेवू? लवकर सांगा, बसताही येत नाहीये.

मणका४: आधी हे सांगा: कळ पायात उतरते का? पाऊल उचलताना जोर कमी पडतो का? लघवी अडते का, बसतो त्या जागेला बधिरपणा आहे का? ताप? पडला होतात का? यातलं एकही असेल तर मशीन बाजूला ठेवा. लघवी अडली असेल किंवा बधिरपणा असेल तर आत्ताच्या आत्ता रुग्णालय गाठा. आणि पेसमेकर नाही ना?

अवघडलेला: नाही हो, यातलं काही नाही. फक्त कंबर. सेटिंग सांगा.

प्रवाह: पॅड किती, कुठे लावलेत, मोड कोणता, वारंवारता (सेकंदाला किती ठोके, म्हणजे हर्ट्झ) किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

अवघडलेला: दोन पॅड, मणक्यावर, एकाखाली एक. स्क्रीनवर २ हर्ट्झ दिसतं. जोर अगदी कमी ठेवलाय, जाणवेल न जाणवेल इतका.

प्रवाह: मग उपयोग कसा होणार! २ हर्ट्झवर स्नायू ठक्-ठक् उडताना दिसले पाहिजेत, तेवढा जोर नसेल तर त्याला अर्थ नाही. आणि नुकत्याच आखडलेल्या स्नायूला ते धक्के नकोत. ८० ते १०० हर्ट्झ ठेवा, पल्स, म्हणजे एका ठोक्याची लांबी, १०० मायक्रोसेकंदाच्या आसपास. जोर वाढवत न्या; ठसठशीत मुंग्या हव्यात, पण दुखता कामा नये आणि स्नायू आवळता कामा नये. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला गेट सिद्धांत हाच: जाड मज्जातंतूंतून स्पर्शाची जाणीव भरपूर गेली की वेदनेची वाट अडते. मुंग्याच नसतील तर अडवणार काय?

पॅड हाडावर नकोत. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यावर, दुखरी जागा मधे येईल असे लावा. दोन पॅडमध्ये निदान ३ सेंमी अंतर.

मध्यमवारंवारता: टेन्समध्ये वेळ घालवू नका, आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) घ्या. ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन प्रवाह फुलीसारखे छेदले की आत १०० हर्ट्झचा ठोका तयार होतो. तो खोलवर जातो.

प्रवाह: कंबरदुखीत आयएफटी टेन्सपेक्षा सरस असल्याचा पुरावा दाखवा. त्यांचा प्रश्न पॅड टोचण्याचा आहे.

मणका४: पुरावा दोन्हींचा तोकडाच आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी दोन्ही देऊ नका असं म्हटलंय. ताजी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. शेक आणि हिंडतं-फिरतं राहणं हा पाया. टेन्स लावायचं तर तेवढा वेळ हालचाल सोपी व्हावी म्हणून.

ऋजुता_के: गादी कडक आहे की मऊ? कापसाची घ्या.

प्रवाह: गादीचं नंतर. कडेला टोचतं म्हणजे पॅडची कड उचलली गेलीय. सगळा प्रवाह उरलेल्या चिकटलेल्या पट्टीतून घुसतो. त्वचेला काही लावलंय का?

अवघडलेला: बाम चोळला होता. ते सांगायचं राहिलं.

प्रवाह: तेच कारण! बामाच्या तेलकटपणाने जेल धरत नाही. साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा. जेल सुकलं असेल तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरा. बामाने बरबटलं असेल तर पॅड फेका. जोर शून्यावर आणल्याशिवाय पॅड काढू-लावू नका. शेक आणि पॅड एका वेळी नको.

अवघडलेला: धुतलं, नवीन पॅड, चार लावले, ९० हर्ट्झ. टोचणं थांबलं, मुंग्या छान आल्या. पण दहा मिनिटांनी विरल्या. सेल गेला का?

प्रवाह: सेल ठीक असेल, शरीराला सवय होते. एक-दोन पायऱ्या जोर वाढवा, किंवा वारंवारता आपोआप बदलणारा मोड असेल तर तो लावा. ३० मिनिटं चालेल. लावून झोपू नका.

मणका४: आणि चालू असतानाच उठा, घरातल्या घरात चाला. पडून राहून मुंग्या मोजू नका.